तुंगच्या सावलीत, एका दोरीवर

मे महिन्यात पवना धरणावर गेलात, तर तुंग आणि तिकोना जागच्या जागी असतात. पाणी मात्र काठापासून लांब पळालेलं! मागच्या उन्हाळ्यात तिथल्याच उथळ पाण्यात माझ्या कयाकच्या १२ व्होल्टच्या मोटरचा पंखा गाळात रुतला. मागे वळून उचलायला गेलो आणि थेट पाण्यात. लाइफ जॅकेट होतं म्हणून निभावलं.

यंदा घरीच जुगाड केला. मोटर बिजागरीवर बसवली. पाठीमागे झुकलेला हातभर पाइप, त्याच्या टोकाला कप्पी, तिच्यावरून दांड्याची दोरी थेट सीटपाशी. ओढली की मोटर वर, खुंटीला गुंडाळली की तिथेच. कप्पी बिजागरीच्या मागेच हवी. पुढे असली तर दोरी मोटर उचलत नाही, बोटीकडे ओढते. रिव्हर्समध्ये मोटर आपोआप वर उसळते, म्हणून खाली धरायला दुसरी दोरी. आणि उचलण्याआधी स्विच बंद!

परवा पुन्हा गाळ आला. बटण बंद, दोरी ओढली, वल्हं हातात घेतलं. आवाज थांबला, तेव्हा कुठे तुंग नीट दिसला.

जाणार असाल तर परवानगीचं आधी विचारा. जॅकेट मात्र न विचारता घाला.