एलाचा हसरा गळा

२१ नोव्हेंबर १९३४. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीच्या अपोलो थिएटरात हौशी कलावंतांची रात्र होती. १७ वर्षांची एक पोरकी निग्रो मुलगी नाचायला म्हणून आली होती. तिच्या आधी एडवर्ड्स भगिनी असा काही नाच करून गेल्या, की हिचे अवसानच गळाले. आता करायचे काय? ती गायली, आणि २५ डॉलरांचे पहिले बक्षीस तिने पटकावले. हीच एला फिट्झजेराल्ड.

पुढची हकीगत पुष्कळांना ठाऊक असेल. १९३५ मध्ये चिक वेबच्या वाद्यवृंदात प्रवेश, १९३८ मध्ये एका बडबडगीतावरून रचलेल्या गाण्याने देशभर नाव, वेब वारल्यावर १९३९ पासून वृंदाचे नेतृत्व आणि १९५६ पासून कोल पोर्टर, ड्यूक एलिंग्टन आदींच्या गाण्यांच्या त्या प्रसिद्ध तबकड्या.

काही रसिक म्हणतात, एलाच्या गळ्यात दुःख नाही. बिली हॉलिडे ऐका, काळीज चिरते. मला हे पटत नाही. एलाची आई १९३२ मध्ये गेली. मग सुधारगृह, तिथून पलायन, रस्त्यावरचे दिवस. सुधारगृहाची कहाणी लोकांना नीट कळली ती १९९६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर! तिने तिचे भांडवल केले नाही. १९५४ मध्ये पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही होनोलुलूला तिला विमानात पुन्हा चढू दिले नाही, तेव्हा ती रडगाणे गायली नाही. तिने विमान कंपनीवर दावा लावला.

सोसलेले गळ्यातून दाखवलेच पाहिजे, ही सक्ती कोणी केली? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे निबंध लिहायला घेतला, की ‘तुझ्या हालअपेष्टा लिही’ असा प्रेमळ आग्रह होतो. मला मात्र एलाविषयी लिहायचे होते.

तिचे इंग्रजी मला सगळे कळते असे नाही. पण ‘स्कॅट’मध्ये कळायला शब्दच नसतात. नुसते अक्षरांचे नाद, सुरांवर उड्या मारणारे. तिथे मी आणि इंग्रजी शाळेतल्या मुली एकाच बाकावर! १९६० मध्ये बर्लिनच्या मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. थांबली नाही. विसरल्याचेच शब्द जुळवून गात राहिली, मध्येच लुई आर्मस्ट्राँगची नक्कलही केली. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळाले. मी ते ऐकते तेव्हा तिच्या आवाजातले हसू स्पष्ट ऐकू येते.