ऋण आधी, धन नंतर

उन्हाळी सुट्टी लागली की गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्यात बऱ्याच घरांना कुलूप दिसतं. कुणी नागपूरला माहेरी जातं, कुणी रायपूरला लेकीकडे, कुणाचा उमऱ्याचा योग येतो. दारातल्या गाड्या महिनाभर कव्हरखाली उभ्या राहतात. परत येऊन चावी फिरवावी, तर नुसता ‘टक’ असा आवाज. बॅटरी उतरलेली असते.

उभी गाडी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, अलार्म, लॉक, आतला छोटा कॉम्प्युटर, सगळे थोडा थोडा करंट पीत असतात. त्यात मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो आणि उष्णतेनं बॅटरी आतून लवकर झिजते. ती झीज कळते डिसेंबरच्या एखाद्या सकाळी. थंडीत अशक्त बॅटरीला इंजिन फिरवता येत नाही, आणि विदर्भातल्या सर्वांत थंड गावांत आमचं नाव असतंच. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरीची एक वायर सोडवून ठेवणं शहाणपणाचं. दहा नंबरचा पाना आणि दहा-पंधरा मिनिटं, एवढंच लागतं.

हे काम मी स्वतः करते. शिकायला गेले होते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजवर. तो आदरानं म्हणाला, “आपा, आप हाथ मत लगाइए, मैं लडके को भेज देता हूँ.” मी म्हटलं, लडका नको, रीत सांग. मग त्यानं सांगितलं: काढताना पहिले मायनस, मग प्लस. लावताना उलटं. मी विचारलं, का? तो हसला. “उस्ताद ने ऐसेही सिखाया.”

उर्दूत शाळेतल्या शिक्षकालाही उस्ताद म्हणतात आणि गॅरेजमधल्या मुख्य मिस्त्रीलाही. दोन्हीकडे हीच अडचण आहे. रीत सांगितली जाते, कारण राहून जातं. कारण माहीत नसेल तर घाईच्या दिवशी क्रम चुकतो, आणि या कामात क्रमच सगळं काही आहे.

कारण समजायला सोपं आहे. आजच्या गाड्यांचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो. गाडीचं अंगच मायनस आहे म्हणा ना. आता मायनस तशीच ठेवून आधी प्लसचा नट सोडवायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं, तर प्लस आणि मायनस थेट पान्यातून जोडले जातात. क्षणात शेकडो अँपिअर करंट वाहतो. पाना तापून लाल होतो, ठिणग्या उडतात. मायनस आधी काढली असेल, तर त्या वेळी पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण दोघेही मायनसच. आणि ती निघाल्यावर प्लस सोडवताना पाना पत्र्याला लागला, तरी करंटला परतीची वाट उरलेली नसते.

लोक शॉकला भितात. पण १२ व्होल्टला कोरड्या हाताला शॉक बसत नाही. खरी भीती भाजण्याची आणि स्फोटाची. बॅटरीत शिशाच्या प्लेट आणि गंधकाचं आम्ल असतं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. एका ठिणगीनं तो पेटला की बॅटरी फुटते आणि आम्ल तोंडावर उडतं.

क्रम लक्षात कसा ठेवायचा? गॅरेजमध्ये मायनस-प्लस म्हणतात, उर्दूच्या पुस्तकात मनफी आणि मुस्बत, मराठीच्या पुस्तकात ऋण आणि धन. दोन्ही भाषा शिकवणारी म्हणून सांगते, इथे मराठीनं काम सोपं केलं आहे. ऋण म्हणजे कर्जही. म्हणून माझा क्रम असा: ऋण फेडायचं सगळ्यात आधी, घ्यायचं सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जनाज्याच्या नमाजआधी मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, मरहूमवर कुणाचं देणं असेल तर आम्हाला भेटा, ते आमच्याकडे लागलं. कफन-दफनाचा खर्च झाला की आधी कर्ज, मग वसीयत, आणि त्यानंतरच वारसांची वाटणी. कर्ज बाजूला ठेवून आधी धनाला हात लावायला मनाई आहे. बॅटरीचंही तेच.

आता प्रत्यक्ष काम. गाडी मोकळ्या हवेत, इंजिन थंड, दिवे-पंखा बंद. चावी काढून खिशात ठेवा, म्हणजे गाडी आपोआप लॉक झाली तरी बाहेर अडकणार नाही. पाचेक मिनिटं थांबा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. सोन्याची अंगठी प्लस आणि पत्र्याच्या मध्ये आली तर बोट भाजतं. ओढणी किंवा दुपट्टा पिनेनं बांधा. डोळ्यांवर चष्मा हवाच. वायरच्या रंगावर विसंबू नका, बॅटरीवरची खूण बघा. प्लसचा खुंट थोडा जाडही असतो. ऋणाचा नट सैल करून वायर काढा आणि कापडात गुंडाळून दूर खोचा. गाडी नुसती उभी ठेवायची असेल तर काम इथेच संपलं. बॅटरी बाहेर काढायची असेल तरच पुढे प्लस.

खुंटावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर हातमोजे घालून, खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं पुसा, कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोडताना आधी धन, शेवटी ऋण. नट घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. शेवटच्या वायरला बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका. घड्याळ पुन्हा लावावं लागेल. आम्ल डोळ्यात गेलंच, तर किमान पंधरा मिनिटं पाण्याखाली डोळा धरा आणि तसेच दवाखान्यात जा.

चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. आताच्या गाड्यांत व्होल्टेज एकदम उसळून कॉम्प्युटर जळतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी जाड वायरींना तर घरी हातच लावू नये.

यंदा मराठीच्या तासाला ‘कृती लिहा’ या प्रश्नासाठी मी चहा-पोह्यांऐवजी हाच विषय दिला. अट एकच: प्रत्येक पायरीपुढे ‘कारण’ लिहायचं. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी परकी वाटते, निबंध म्हटलं की मागचे बाक गप्प होतात. त्या दिवशी मागच्या बाकांनीच आधी वह्या दिल्या. त्यांतल्या कित्येकांचे अब्बा, मामू, मोठे भाई पाना हातात घेऊनच घर चालवतात, आणि दहावीनंतर यांतली काही मुलंही तिथेच जाणार आहेत. एकानं लिहिलं होतं, ‘आधी ऋण काढतात कारण गाडीचं सगळं अंग ऋणात असते.’ व्याकरणाची एक चूक मी लाल शाईनं दुरुस्त केली. कारणासाठी पूर्ण गुण दिले. हे वाक्य घरी वाचून दाखव, असं त्याला सांगितलं.