शेणाचं शेनिन

पहिल्यांदा शिंगं पुरली तेव्हा आप्पा बांधावर उभं राहून बघत होते. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस. आधी थॉम्पसन, मग सोनाका, आणि शेवटी माझ्या हट्टापायी अडीच एकर शेनिन ब्लाँ. मी ताजं शेण गाईच्या शिंगांत ठासून भरत होते. अठरावं शिंग भरून झाल्यावर त्यांना राहवलं नाही.

‘‘अगं, एवढंसं शेण? त्यापेक्षा एक ट्रॉली टाक की बागेत.’’

‘‘आप्पा, फ्रान्समध्ये असंच करून जगात नावाजलेली वाइन होते.’’

‘‘तिकडं ट्रॉली मिळत नसंल,’’ म्हणाले आणि मोटार बंद करायला गेले.

मी वाइन बनवते. दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत टाक्या, चिलर आणि ब्रिक्सचे, म्हणजे रसातल्या साखरेचे, आकडे सांभाळते. शेणाची ही कल्पना मी आणली ती फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या साव्हन्येर गावातून. आँजे शहराच्या नैर्ऋत्येला, नदीच्या उत्तर काठावर हे गाव आहे. तिथे कुले द सेराँ नावाची सात हेक्टरांची, म्हणजे सुमारे सव्वासतरा एकरांची बाग आहे. आपल्याकडच्या बऱ्यापैकी बागायतदाराएवढीच. पण या एका बागेला स्वतःचं वेगळं भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या मानांकनात दुसऱ्या कुणाचीही बाग नाही. सिस्टर्शियन साधूंनी इथे ११३० मध्ये वेली लावल्या. शेजारच्या रोश ओ म्वानच्या किल्ल्याला १२१४ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजानं वेढा घातला आणि फ्रेंच युवराज चालून येताच तो पळाला. मॅग्ना कार्टावर पुढच्याच वर्षी मोहर उमटवावी लागलेला राजा तो हाच. तो आला तेव्हा इथल्या वेलींची परंपरा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची होती. विसाव्या शतकात कुर्नोन्स्की या खाद्यलेखकानं फ्रान्सच्या पाच थोर पांढऱ्या वाइन निवडल्या, त्यांत या बागेच्या वाइनचं नाव होतं.

मला ओढ होती ती वेगळ्याच कारणानं. तिथलं द्राक्ष शेनिन, आमचंही शेनिन. नाशिकला जी पांढरी वाइन होते त्यातली बरीचशी याच जातीची, आणि या जातीचं माहेर ल्वारचा हाच पट्टा. सुनेच्या माहेरी जाऊन यावं तशी मी एका ऑक्टोबरात गेले. उतार इतका तीव्र की काही भागात ट्रॅक्टर चालतच नाही, नांगर घोड्यानं ओढायचा. पायाखाली शिस्टचा पापुद्रे सुटणारा खडक. मी एक कपची उचलून पिशवीत टाकली, अजून माझ्या टेबलावर आहे.

ही बाग जोली घराण्यानं १९६२ मध्ये घेतली. मुलगा निकोला न्यू यॉर्क आणि लंडनमध्ये बँकेत होता. १९७७ च्या सुमाराला तो नोकरी सोडून घरी आला. शेतीखात्याच्या सल्लागारानं त्याला तणनाशकं वापरायचा सल्ला दिला, त्यानं तो ऐकला, आणि दोन वर्षांत मातीचा रंग बदलला, किडे-पाखरं दिसेनाशी झाली, असं तो स्वतःच सांगत आला आहे. त्याच सुमाराला बायोडायनॅमिक शेतीवरचं एक पुस्तक हाती लागलं. १९८० मध्ये तुकड्यावर प्रयोग, १९८४ पासून सगळी बाग त्याच पद्धतीनं. आता त्याची मुलगी व्हर्जिनी कारभार बघते. बँक सोडून शेतीत आलेले लोक आपल्याकडेही बरेच आहेत; फरक एवढाच की साडेआठशे वर्षांची बाग वारशानं मिळायला नशीब लागतं.

या पद्धतीचा मूळपुरुष रुडॉल्फ स्टायनर. १९२४ च्या जूनमध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या कोबेरविट्झ या गावी, त्यानं शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. गंमत अशी की हा माणूस दारूच्या विरोधात होता. मद्य माणसाच्या आध्यात्मिक वाढीला मारक, असं त्याचं मत. आणि आज त्याचं नाव सगळ्यांत मोठ्यानं घेतात ते वाइनवाले.

कृती मात्र सोपी. व्यालेल्या गाईचं शिंग घ्यायचं, त्यात शेण भरायचं, शरद ऋतूत जमिनीत पुरायचं आणि वसंतात काढायचं. आतला माल तोवर काळा, भुसभुशीत, मातीच्या वासाचा झालेला असतो. हेक्टरी साधारण शंभर ग्रॅम एवढंच तीसेक लिटर कोमट पाण्यात टाकून तासभर ढवळायचं. आधी एका दिशेला, खोल भोवरा पडेपर्यंत. मग एकदम उलट दिशेला, म्हणजे भोवरा मोडतो, पाणी खदखदतं. पुन्हा भोवरा. मग संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. दुसरं एक शिंग गारगोटीच्या पिठाचं. त्याचे तर हेक्टरी चार ग्रॅमच, आणि ते सकाळी पानांवर. आपल्या घरोघरी होमिओपथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आहेत, म्हणून मला हे ऐकून फारसा धक्का बसला नाही. आमच्या शेजारचे शेण-गोमूत्राचं जीवामृत करतात, त्यात निदान पिंपभर काही दिसतं तरी!

या पद्धतीतल्या पंचांगाचं प्रकरण त्याहून मजेशीर आहे. मारिया थुन या जर्मन बाईंनी १९६० च्या दशकात पेरणीचं पंचांग सुरू केलं. चंद्र मेष, सिंह, धनु राशीत असला की फळाचा दिवस, म्हणजे फळपिकांच्या कामाचा. वृषभ, कन्या, मकर मुळाचा. मिथुन, तूळ, कुंभ फुलाचा. कर्क, वृश्चिक, मीन पानाचा. अग्नी, पृथ्वी, वायू, जल. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मग यात नवीन काय?’’ आणखी एक गोष्ट. युरोपातल्या वर्तमानपत्रांतलं राशिभविष्य सायन असतं, थुनबाई मात्र आकाशातल्या खऱ्या तारकासमूहांवरून चालतात, म्हणजे आपल्या निरयन पद्धतीच्या जवळ. तारकासमूह लहानमोठे असल्यानं त्यांच्या राशी सारख्या तीस-तीस अंशांच्या नसतात, म्हणून दाते पंचांगाशी दिवस पुरते जुळत नाहीत. मी एक वर्ष दोन्ही शेजारी शेजारी टांगली होती. मजुरांचा सुटीचा दिवस दोन्हींतही नव्हता.

याचा उपयोग होतो का? कॅलिफोर्नियातल्या एका मर्लोच्या बागेत सहा वर्षं तुलना केली होती. सेंद्रिय तुकड्याच्या तुलनेत बायोडायनॅमिक तुकड्याच्या मातीत फरक आढळला नाही. २००५ मध्ये तो निबंध छापून आला. मी स्वतः अर्ध्या एकरावर पाच वर्षं शिंगखत दिलं, शेजारच्या अर्ध्या एकरावर नाही. डोळे मिटून चव घेतली तर मला दोन्ही रस वेगळे ओळखता आले नाहीत. पहिल्या वर्षी तर अठरातली अकरा शिंगं कुत्र्यांनी उकरून नेली. आप्पा तेव्हा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आणि निर्मळपणाच्या गप्पा मारताना मोरचूद विसरू नये. केवडा रोगावरचं बोर्डो मिश्रण, मोरचूद आणि चुना, फ्रान्सनंच १८८५ मध्ये जगाला सांगितलं. बायोडायनॅमिक बागांतही ते चालतं. मोरचुदातलं तांबं मातीत साचतं, गांडुळांना सोसत नाही, म्हणून युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे. शिंगाचं कौतुक करणारे यावर हळू आवाजात बोलतात.

माझी खरी अडचण शिंगाची नव्हतीच, हिवाळ्याची होती. हे सगळं शास्त्र झोपणाऱ्या वेलीसाठी रचलेलं आहे. तिथे हिवाळ्यात वेल नुसती काटकी होते, आणि त्या वेळी जमिनीच्या पोटात जोर असतो असं मानतात, म्हणून शिंग तेव्हा पुरायचं. नाशिकची वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी. आम्ही शिंग पुरतो तेव्हा डोळे फुटत असतात आणि काढतो तेव्हा घड क्रशरमध्ये चाललेले असतात. ल्वारमध्ये काढल्या काढल्या वापरतात. मी ते मडक्यात भरून, काथ्याच्या भुशात ठेवून, जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघते. ज्याला इथलं ऋतुचक्र माहीतच नव्हतं त्याच्या सांगण्यावरून आपण किती चालायचं, हे मला ठरवता आलेलं नाही.

पण तिथून एक गोष्ट मी आणली आणि ती शिंगातली नाही. कुले द सेराँचा तोडा एकदा होत नाही. माणसं त्याच ओळींतून चार-पाच वेळा फिरतात आणि प्रत्येक फेरीत फक्त पिकलेले घड घेतात, काहींवर बुरशीची सोनेरी झाक आलेली असते. उत्पादन हेक्टरी २०-२५ हेक्टोलिटरच्या घरात. तळघरात विकतचं यीस्ट नाही, नव्या ओकची पिंपं जवळजवळ नाहीत. त्या वाइनला मेणाचा, मधाचा आणि पिकलेल्या बेलफळाचा वास येतो, आणि बाटली आदल्या दिवशी उघडून ठेवली तर जास्त खुलते. ही चव भोवऱ्यात नव्हे, त्या थांबण्यात आहे, असं माझं मत. आणि थांबणं ज्याला परवडतं तो स्वतःच्या नावाची बाटली विकणारा असतो. आमचा शेतकरी करारानं बांधलेला. ब्रिक्स २२ लागला की ट्रक दारात, एका दिवसात सगळी बाग मोकळी, कारण उद्या दुसऱ्याची पाळी. चिलर बंद ठेवून मी विकतच्या यीस्टशिवाय आंबवायला गेले, तर फेब्रुवारीच्या दुपारी टाकी उतू जाईल.

तरी गेल्या हंगामात बारा ओळी कराराबाहेर ठेवल्या. तीन तोडे करायचे ठरवलं. पहिला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुसरा नऊ दिवसांनी. दोन्ही रस आज एकाच छोट्या टाकीत आहेत आणि दुसऱ्या तोड्यात बेलफळाचा वास होता. शपथेवर सांगते, होता. तिसऱ्यासाठी थांबले होते तेव्हा रात्री अवकाळी आला. घड चिरले, चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला. आप्पांनी ते स्वतः भरून उकिरड्यावर नेले. बरोबर एक ट्रॉली भरली.