मर्मर

१९८९ साली मुंबईच्या मामेभावाने नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून पाठवली. एका बाजूला मुंबईच्याच रॉक मशीनचा आदल्या वर्षीचा पहिला अल्बम, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या आर. ई. एम.चा. त्यावर त्याने बॉलपेनने लिहिलं होतं, 'मर्मर'. मला वाटलं, पानांची सळसळ म्हणून हे नाव त्यानेच दिलं. इंग्रजीतही हा शब्द आहे, पुटपुटण्यासाठी, हे नंतर कळलं.

आमचं क्वार्टर रुआबांध्यात. बाबा भिलाई पोलाद कारखान्यात. शिफ्टवरून आले की विचारायचे, "बोल तरी कळतात का रे?" नव्हते कळत. गिटार स्वच्छ, पण मायकेल स्टाइपचा आवाज वाद्यांच्या मागे, शब्द अर्धे गिळलेले. १९८३चा हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम. आदल्या वर्षी पाच गाण्यांची छोटी तबकडी आली होती. मी वहीत शब्द उतरवायचो. दर वेळी वेगळेच निघायचे. रॉक मशीनचे कळायचे, तरी मी कॅसेट उलटून हीच बाजू लावायचो.

पुढच्या वर्षी आजीला पक्षाघात झाला. आजी गोंदियाची. आम्ही भावंडं शाळेत हिंदी, गल्लीत छत्तीसगढी बोलायचो. घरात धड मराठी तिच्याच तोंडी उरली होती. आता तीही गिळली जायची. आई-बाबा तिला पुन्हापुन्हा बोलायला लावायचे, ती चिडून तोंड फिरवायची. मी कधी लावलं नाही. आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचो: पाणी, खिडकी, उशी. बहुतेकदा बरोबर यायचं. सगळे मला आजीचा दुभाष्या म्हणू लागले आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

एका संध्याकाळी ती बराच वेळ बोलली. मधेच हसली, मग डोळे भरून आले. मला एक शब्द कळला नाही. गाण्याला डोलवावी तशी मी मान डोलवत राहिलो. "हो आजी." काय म्हणाली, बाबांनी विचारलं. "गावची आठवण," मी ठोकून दिलं. दोन आठवड्यांनी ती गेली.

त्या अल्बमचं मुखपृष्ठ मी खूप उशिरा पाहिलं. कुडझूच्या वेलींनी झाकून टाकलेला माळ. आमच्या नाल्याकाठी बेशरम माजते तसा. शब्द कळले नाहीत तरी ऐकता येतं, हे मी त्या कॅसेटवर शिकलो. आजीला मात्र "पुन्हा सांग" म्हणायला हवं होतं.