आईविना पिले

बेळगावजवळ आम्ही मांसल कोंबड्यांची लहानशी शेड उभारली, तेव्हा स्वच्छता म्हणजेच आरोग्य, असा आमचा ठाम समज होता. आजीची गावठी कोंबडी मात्र पिलांना घेऊन खुशाल उकिरडा उकरीत असे. तिची पिले धडधाकट कशी, याचे आम्हांस कधी नवल वाटले नव्हते.

आमच्या दुसऱ्याच तुकडीला हगवण लागली. खालचे भाताचे तूस ओले झाले, पिले मरू लागली. उपकारक जंतूंची पूड पाण्यातून दिली, गुण येईना. पशुवैद्यांनी एवढेच विचारले, "पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकता ना?" टाकीत होतो! विकत आणलेले जंतू आम्हीच मारीत होतो.

१९७३ साली फिनलंडच्या नुर्मी व रांटाला यांनी दाखविले, की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिलास दिले, तर साल्मोनेलाला तेथे सहजी ठाव मिळत नाही. यंत्रात उबविलेल्या पिलाला आईच नसते. मग हा वारसा त्याला कोण देणार?

पुढील तुकडीला आम्ही पहिल्या दिवसापासून पूड क्लोरीनविरहित पाण्यातून दिली, तूस कोरडे राखले. काही पिले तरीही दगावली; पूड म्हणजे संजीवनी नव्हे. परंतु प्रतिजैविकाची बाटली फळीवरून खाली आली नाही. माणसांसाठी राखून ठेवावयाच्या कोलिस्टिनचा पशुखाद्यातील वापर भारताने २०१९ साली बंद केला, त्यामागील कारण तेव्हा आम्हांस उमगले.

आजीच्या कोंबडीपाशी जे उपजत होते, ते शिकावयास आम्हांस एक तुकडी खर्ची घालावी लागली.