दम कोंडून समुद्रात

अंदमान म्हटले की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो काळे पाणी. सेल्युलर जेल आम्हीही पाहिले, पण आजचा मजकूर त्याविषयी नाही. २०२४ पर्यंत ज्याला पोर्ट ब्लेअर म्हणत त्या श्री विजयपुरमहून सरकारी बोटीने सुमारे अडीच तासांवर स्वराज द्वीप नावाचे बेट आहे. २०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते आणि बेटावरची माणसे अजूनही तेच म्हणतात. रजा प्रवास सवलतीवर गेलेले आम्ही चौघे, म्हणजे सहचारिणी, अकरावीतली कन्या, कचेरीतले एक सहकारी आणि प्रस्तुत लेखक, तेथे नळी नाही, सिलिंडर नाही, नुसता दम कोंडून समुद्रात बुडी मारायला शिकलो. याला फ्रीडायव्हिंग म्हणतात. कारकुनाने हे उद्योग कशाला करावेत, असे कुणी विचारील. विचारावे.

आमच्या वडिलांच्या गावी पोहायची विहीर होती. उन्हाळ्यात गावची पोरे तिच्यात उड्या मारीत आणि वस्तीची पोरे लांबून बघत. वडिलांना शेवटपर्यंत पोहता आले नाही. आम्ही स्वतः पोहायला शिकलो ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, नगरपालिकेच्या तलावात, कन्येच्या बरोबरीने फी भरून. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याला २०२७ साली शंभर वर्षे होतील, परंतु पाण्यात उतरण्याची भीती आमच्या किती घरांत अजून तशीच आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते मोजून पाहावे.

असो. बेटाची हकीगत सांगतो. डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण देश इतका पूर्वेला गेला तरी घड्याळ आपलेच. त्यामुळे सगळी कामे पहाटे. गावांची नावे गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर अशी. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी देऊन वसवले आणि त्यांत नामशूद्र शेतकऱ्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पण आमच्या डुंगीचा, म्हणजे तिकडच्या लाकडी मोटारहोडीचा तांडेल गप्पांत सहज म्हणाला, आमचे आजोबा खुलन्याचे. १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर बंगालने निवडून पाठवले आणि त्यात जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या नामशूद्र सहकाऱ्यांचा वाटा मोठा होता, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. जोगेन मंडल हे नाव आम्ही उच्चारताच त्याने सुकाणूवरचा हात न काढता मान वळवून आमच्याकडे पाहिले. मग परत येईपर्यंत तो आम्हाला ‘दादा’ म्हणत होता.

शिक्षणाचा पहिला दिवस जमिनीवर गेला. आमची शिक्षिका पंचविशीतली, पण शिस्त हेडमास्तरांची. आधी अर्ज भरून घेतला. दमा आहे का, हृदयाची तक्रार, रक्तदाब, कान फुटलेला? सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात प्रवेश नाही. मग सांगितले ते आम्हाला सर्वांत नवे होते. दम कोंडल्यावर छातीत जी तगमग होते ती प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. ती तगमग हा शरीराचा इशारा. काही लोक बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड घटतो. म्हणजे इशारा उशिरा येतो आणि माणूस तगमग न होताच बेशुद्ध पडतो. आपल्याकडे विहिरीत, खाणीच्या डोहात पोरे पैजा लावतात, कोण जास्त वेळ खाली राहतो म्हणून, आणि त्याआधी नेमके हेच फुसफुसणे करतात. पालकांनी हे पोरांना समजावून सांगावे. चांगला पोहणाराही यात जातो, किंबहुना तोच जातो.

दम धरण्याच्या सरावात आमच्या सहचारिणीने सर्वांना मागे टाकले. कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून ती दीड मिनिट स्थिर राहिली. आमचे सहकारी चाळीस सेकंदांत वर. ती रोज सकाळी आनापानाला बसते, त्याचा हा गुण, असे सहकाऱ्यांचे मत पडले. ती म्हणाली, “तिथे श्वास नुसता पाहायचा असतो, अडवायचा नसतो. हे वेगळं आहे.” आम्हाला तिचेच बरोबर वाटते. मात्र घाबरल्या मनाकडे शांतपणे पाहायची सवय कामी आली असणार, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डुंगी बेटाच्या उत्तरेकडे निघाली. पाणी इतके नितळ की तळावरची प्रवाळे वरून दिसत. एका तरंगत्या बोयाला दोर बांधलेला, दोराच्या खालच्या टोकाला वजन, दहा मीटरवर. दोर धरून डोके खाली करून हाताहाताने ओढत जायचे. सांगायला सोपे आहे. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. पहिला मार बसतो तो कानांवर. दडे बसायच्या आत, दर मीटरला, नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. दुखू लागले की पुढे जायचे नाही, वळायचे. जोर लावणाऱ्याचा पडदा फाटतो.

आमचा डावा कान सहा मीटरवर अडला. तेथूनच वळलो. सहकाऱ्यांना चार मीटर पुरले. “हा तरण्या पुरुषांचा खेळ,” असे ते डुंगीत बसून म्हणाले, तेव्हा शिक्षिकेने दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांची गोष्ट सांगितली. त्या सिलिंडरशिवाय बुड्या मारून शंखशिंपले काढतात, साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजीही, आणि २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. सहकारी त्यानंतर नारळपाणी पीत राहिले.

एक नियम तिने इतक्यांदा सांगितला की तो आता झोपेतही आठवेल. एकटे कधीही जायचे नाही. एक खाली, तर दुसरा वर, नजर खिळवून. आणि खालचा वर आला म्हणजे काम संपले असे नाही. वर येताना दाब उतरतो तसा रक्तातल्या प्राणवायूचा जोरही झपाट्याने उतरतो, म्हणून शुद्ध जाते ती बहुधा वरच्या काही मीटरांत किंवा वर आल्यावर. म्हणून वर आलेल्याने आधी भरभरून श्वास घ्यायचे, बोलायचे मागाहून, आणि सोबत्याने त्यानंतरही अर्धा मिनिट नजर काढायची नाही.

कन्या खाली गेली तेव्हा वर पहारा तिच्या आईचा होता. आम्ही डुंगीच्या काठाला धरून होतो. दोर हलत होता तोवर ठीक. मग तो हलायचा थांबला. घड्याळात बारा-पंधरा सेकंदच गेले असतील. सहचारिणीचे डोके पाण्यातच, हात मात्र आमच्याकडे करून तिने अंगठा आणि तर्जनी जोडली, ठीक आहे अशी खूण. कन्येने टोकाचे वजन हाताने धरून ठेवले होते, दहा मीटरवर, आणि ती इकडेतिकडे पाहत होती.

वर येऊन शिकवल्याप्रमाणे तिने तीन श्वास घेतले आणि मग म्हणाली, “बाबा, खाली शांत नाहीये. भाजी फोडणीला टाकल्यावर तडतडते ना, तसं सगळीकडून चाललंय.” प्रवाळात राहणाऱ्या बारीक कोळंब्या नांगी आपटतात, त्यांचा तो आवाज, असे शिक्षिकेने सांगितले. सहा मीटरवर तो आम्हालाही आला असणार. पण आमचे सारे लक्ष कानाच्या दड्याकडे होते. सहचारिणीने मुखवटा नीट बसवला आणि आता माझी पाळी म्हणाली. वर पहारा द्यायला कन्या बोयाला धरून राहिली.