पॅसेजचं ऋण

प्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षा पार पडली, नावाआधी 'डॉ.' लागलं. घरात पेढे वाटले गेले. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासावरचा तो जाडजूड ग्रंथ हातात घेतला आणि मनात आलं, यातलं माझं किती?

माझा विषय समाजशास्त्र. मुंबई विद्यापीठात त्याचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडेस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. शहराचा आराखडा आखण्याआधी ते पायी हिंडून पाहावं, हा त्यांचा आग्रह. लगेच १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, काढलं आणि वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड इथे चाळी उभ्या राहिल्या. शहर वाचायचं शास्त्र आणि या चाळी, दोन्ही पाठोपाठची भावंडं. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांच्या खोल्या, मधून लांब पॅसेज आणि सामाईक संडास.

'सामाजिक अवकाश' ही संकल्पना मी पुस्तकांतून शिकले होते. ती कळली पॅसेजमध्ये. खोलीत माणसं मावेनाशी झाली की घर पॅसेजमध्ये येतं. रात्री तिथे पुरुषांच्या पथाऱ्या पडतात, दुपारी तिथेच धान्य निवडलं जातं, कुणाचं लग्न असो की मयत, पहिली धावपळ तिथूनच सुरू होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि चाळीतल्या गिरणी कामगारांचे पगार थांबले. त्या दिवसांत कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे कुणाला सांगावं लागलं नाही, असं एका आजींनी मला सांगितलं. दारं उघडीच होती.

पण त्याच आजींनी मला चाळीचे गोडवे गाऊ दिले नाहीत. पहाटे संडासाच्या रांगेत उभं राहण्यात, वयात आलेल्या मुलीने साडीच्या आडोशाला कपडे बदलण्यात कसला आलाय शेजारधर्म, असं त्यांनी मला विचारलं. त्यांना ५०० चौरस फुटांचं, दार लावून घेता येईल असं घर हवं होतं. आणि दार लागल्यावर शेजारणीचं दुखणं कसं कळणार, ही धास्तीही होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पुनर्विकासाने दोन्हींना जागा दिली पाहिजे, हा माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष. तो त्यांचाच. मी त्याला पुरावे आणि तळटिपा जोडल्या.

संशोधनाच्या नियमाप्रमाणे मी त्यांची नावं लपवली. ते योग्यच झालं. पण प्रबंध इंग्रजीत आहे आणि ग्रंथालयाच्या कपाटात आहे. ज्यांनी चहा पाजून आपलं आयुष्य माझ्यापुढे ठेवलं, त्यांच्यापर्यंत त्यातलं एक पानही पोचत नाही. हे मला मान्य नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीच्या इमारतींचं काम अजून व्हायचं आहे. मजल्यावर बसायला-बोलायला जागा असावी का, लॉबीत पोरांनी खेळावं का, मेंटेनन्स कुणाला झेपेल, हे प्रश्न आता सोसायटीच्या सभेत येणार. माझ्या प्रबंधाची गरज आहे ती तिथे. म्हणून त्याचा सारांश मी मराठीत लिहायला घेतला आहे.

शहरावर संशोधन करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, पदवी मिळाली की थांबू नका. ज्यांनी सांगितलं त्यांच्यापुढे, त्यांच्या भाषेत आपलं लिखाण वाचा. त्यांनी एखादं वाक्य खोडायला सांगितलं, तर त्यांच्यासमोरच ते पुन्हा लिहा.